सुमित्रावहिनींनी आणलेला निरोप

भोपाळच्या पिपलानीतल्या आमच्या ब्लॉकमध्ये फोन एकट्या सुमित्रावहिनींकडे होता. त्यांचे यजमान मधुकरराव पिंपळापुरे कारखान्याच्या वीज-देखभाल विभागात. कुठे काही जळलं, बंद पडलं की त्यांना अवेळी बोलावणं यायचं, म्हणून कंपनीने तो काळा फोन दिलेला. बाकीची सगळी बिऱ्हाडं त्याच फोनवर जगत होती. नोकरीचा अर्ज असो, मुलीचं स्थळ असो, नंबर लिहायचा वहिनींचा आणि पुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरं, म्हणजे फोन शेजारच्यांचा. घंटा आमच्या भिंतीतून स्वच्छ ऐकू यायची. कुणाचा फोन आहे याची उत्सुकता असायची, भीती कधीच नव्हती. ती बसली त्या जुलैपासून.

वहिनी यवतमाळच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा टाउनशिपमधल्या रस्त्यांना झाडं नव्हती म्हणे. आता झाडं क्वार्टरच्या वर गेली, पण वहिनींची मराठी होती तिथेच राहिली. आमच्यासारख्यांच्या घरात हिंदी केव्हा शिरली ते कळलंही नाही. मुलं ‘आई, चाबी कुठे ठेवली?’ म्हणायची आणि आम्हीही ‘टेबलावर आहे’ म्हणून मोकळ्या व्हायचो. वहिनी मात्र पानातला केस बाजूला काढावा तसा हिंदी शब्द बाजूला काढत. ‘किल्ली. चाबी नाही. म्हण, किल्ली.’ शनिवारी संध्याकाळी ब्लॉकमधली मराठी मुलं त्यांच्याकडे वाचायला बसत. माझी सुचेता तिथेच मराठी वाचायला शिकली. भाजीवाल्याशीही त्या मराठीच बोलत. तो बिचारा ‘माताजी, कोथिंबीर ले लो’ अशी आरोळी ठोकायला लागला होता आणि इतर गिऱ्हाइकांना कोथिंबीर म्हणजे काय ते समजावून सांगायचा.

मधुकरराव हसायचे. ‘हिला हिंदी येत नाही असं समजू नका हो. सगळी कळते. पण कानातून आत शिरेपर्यंत तिची मराठी झालेली असते.’

‘मग? तुमच्यासारखं करू? घरात मराठी, दारात हिंदी, आणि झोपेत दोन्ही बरळायचं?’

या हट्टामागे काय होतं ते मला फार उशिरा कळलं. त्यांचा मुलगा सुभाष कानपूरला नोकरीला लागला, तिथलीच मुलगी केली. रविवारी त्याचा फोन आला की वहिनी नातवाला मागून घेत. ‘जेवलास का रे बाळा?’ विचारत. पलीकडून पोराचा आवाज येई, ‘पापा, दादी क्या कह रही हैं?’ मग सुभाष त्याला हिंदीत सांगे आणि वहिनी फोन कानाला लावून थांबून राहत. फोन संपल्यावर त्या रिसीव्हर जागेवर न ठेवता बराच वेळ मांडीवर घेऊन बसत. मी हे दारातून दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा आत न जाता परत फिरले.

सुचेता बारावी झाली ते वर्ष. तिला आर्किटेक्चरला जायचं होतं. शाळेत असल्यापासून ती घरांची चित्रं काढायची. आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये कुठली भिंत पाडली तर उजेड येईल ते मला कागदावर दाखवायची. इंदूरच्या एका संस्थेत तिचं नाव प्रतीक्षा यादीत लागलं, अकरावं. भोपाळच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. नव्याने सुरू झालं होतं, जागा अगदी मोजक्या. तिथे तिचं नाव पहिल्याच यादीत आलं. तिथे शाळेच्या दाखल्यासकट सगळे मूळ कागद जमा केले होते. शनिवारपर्यंत फी भरली की प्रवेश पक्का, नाहीतर जागा पुढच्या मुलीला.

पेच असा होता. मूळ कागद एकच आणि ठिकाणं दोन. इंदूरला नंबर लागला तर त्याच दिवशी मूळ कागद घेऊन हजर व्हायचं. आणि ते भोपाळहून काढून घेतले की भोपाळची जागा गेली. दोन दगडांवर पाय ठेवायलाही परवानगी नव्हती.

माझे यजमान अरविंद तेव्हा कोरब्याला साइटवर होते. जाण्याआधी त्यांनी सुचेताला समजावलं होतं, ‘वेटिंग म्हणजे रेल्वेसारखंच गं. दुसऱ्या कुणीतरी तिकीट रद्द करायला हवं.’

‘आणि नाही केलं तर?’

‘तर फलाटावर उभं राहून गाडी जाताना बघायची.’

तो विनोद होता. पण मला तो बोचला. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी मागणार तरी काय? दहा मुलामुलींचं काहीतरी बिनसावं, एखाद्याचा बाप आजारी पडावा, एखादीचं लग्न ठरावं, म्हणजे आमच्या पोरीला जागा मिळेल? मी नुसतेच हात जोडायची आणि काही न मागता उठायची.

इंदूरला अरविंदचे जुने सहकारी होते, मिश्राजी. संस्थेवरूनच त्यांचा रोजचा रस्ता. फलक बघून कळवायचं त्यांनी कबूल केलं होतं. त्यांनीच आधी सांगून ठेवलं होतं की यादी सुरुवातीला भराभर सरकते, कारण इंजिनीयरिंग-मेडिकलचे निकाल लागले की मुलं जागा सोडून पळतात. मग ती थबकते. मग एक दिवस बंद होते आणि कुणी सांगतसुद्धा नाही. झालंही तसंच. अकरावरून आठ, आठवरून चार. आणि चारवर ती थांबली. सुचेताने जेवण अर्धं केलं. घंटा वाजली की ती उठून उभी राहायची आणि भिंतीकडे बघायची.

गुरुवारी दुपारी वहिनी चपला न घालताच धावत आल्या. ‘सुधा, अगं सुधा! मिश्रांचा फोन होता. लाइनीत नुसती खरखर. पण एवढं स्पष्ट ऐकलं मी. तिथलाच दाखला घ्या म्हणाले, उशीर करू नका.’

मी हातातलं काम टाकून उठले. ‘नंबर लागला म्हणाले?’

‘तसं नाही ऐकू आलं. आधीचं काहीतरी तुटलं. पण मला सांग, लागल्याशिवाय कुणी दाखला काढायला सांगेल का?’

हे मलाही पटलं. कुणालाही पटलं असतं. सुचेता आतून आली, तिने वहिनींना मिठी मारली, आणि वहिनी तिच्या पाठीवर थापटत म्हणाल्या, ‘माझं घर बांधशील ना गं यवतमाळला? उजेडाचं बांध.’

मिश्राजींना उलटा फोन लावावा म्हटलं तर त्यांच्या घरी फोन नव्हता, ते कुठूनतरी बूथवरून बोलले होते. कोरब्याला अरविंदना निरोप पोचायला दोन दिवस लागले असते. आणि ‘उशीर करू नका’ हे शब्द कानात घोंघावत होते. शुक्रवारी सकाळी आम्ही मायलेकी कॉलेजात गेलो. खिडकीमागच्या बाबूंनी अर्ज वाचला आणि चष्मा वर केला. ‘कागज़ वापस चाहिए? सीट छोड़ रही हो, बेटा?’

‘जी. इंदौर में हो गया है.’

‘लिस्ट में नाम देख लिया है ना?’

सुचेताने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ‘फोन आया है,’ ती म्हणाली.

बाबूंनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी तिला ‘स्वेच्छा से’ असं लिहून खाली सही करायला सांगितलं. सही करताना तिचं पेन दोनदा अडलं. मला वाटलं, आनंदाने. बाबूंनी कागद दिले आणि आमच्या डोळ्यांदेखत यादीतलं तिचं नाव पट्टी लावून खोडलं. पट्टी लावून कुणी नाव खोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. इतकी सरळ रेघ बघून मला उगाच कसंतरी झालं.

त्याच दिवशी नादऱ्याच्या स्टँडवरून इंदूरची बस धरली. आष्ट्यापर्यंत सुचेता बोलत होती. होस्टेलला काय काय न्यायचं, ड्रॉइंग बोर्ड केवढा लागेल. देवासच्या पुढे ती गप्प झाली. मी विचारलं, ‘काय गं?’ तर म्हणाली, ‘काही नाही. मिश्राकाका नंबर लागला असं का नाही म्हणाले?’

संस्थेच्या फलकावर नवीन कागद होता. प्रतीक्षा यादीतून प्रवेश पूर्ण झाले, पुढे विचारणा करू नये. उरलेल्या नावांतल्या तिसऱ्या नावावर यादी संपली होती. चौथं नाव सुचेताचं.

आम्ही तरीही आत जाऊन विचारलं. तिथल्या बाईंनी शांतपणे तेच सांगितलं. मग रिक्षा करून परदेशीपुऱ्यात मिश्राजींचं घर शोधलं. ते गावी गेले होते. त्यांच्या पत्नीने दार उघडलं, आम्हाला पाहून आश्चर्याने पाणी आणलं. ‘आप लोग कैसे? इन्होंने तो फोन कर दिया था ना? कहा था कि यहाँ अब कुछ नहीं होगा, बिटिया वहीं का दाखिला ले ले, देर न करे.’

मी अजून ऐकतच होते. सुचेताने हातातला पेला खाली ठेवला. तिला हसू आलं, अगदी बारीक. ‘आई,’ ती म्हणाली, ‘दाखिला. दाखला नाही. दाखिला.’

तेव्हा मला कळलं. मिश्राजी म्हणाले होते, तिथेच प्रवेश घ्या. वहिनींच्या कानातून आत जाईपर्यंत त्याची मराठी झाली होती. एका वेलांटीचा फरक, आणि आम्ही तिथला प्रवेश घ्यायचा सोडून तिथून दाखला काढून घेतला होता.

भोपाळला पोचलो तेव्हा शनिवार उजाडला होता. आंघोळही न करता कॉलेज गाठलं. जागा गेली होती. आदल्या दुपारीच पुढच्या मुलीने फी भरली होती. प्राचार्य भले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदा कपाळाला हात लावला आणि म्हणाले की नियमाबाहेर ते जाऊ शकत नाहीत, पण तिचं नाव प्रतीक्षा यादीत वर घालतील. दुसऱ्या क्रमांकावर. एका मुलीने अजून फी भरलेली नव्हती, आणि आणखी एकीचं बाहेरगावी जायचं चाललं होतं. पुढच्या शुक्रवारी सकाळी सगळं स्पष्ट होईल. जागा निघाली तर फोन येईल, दुपारपर्यंत येऊन फी भरायची. ‘रोज चक्कर मत लगाना. फोन आएगा.’ अर्जावर नंबर वहिनींचाच होता.

वहिनींना काही सांगायचं नाही, असं सुचेता रस्त्यातच म्हणाली. ‘काकूंना कळलं तर त्या मरतील, आई.’ आम्ही त्यांना एवढंच सांगितलं की इंदूरचं जमलं नाही. त्या हळहळल्या, मिश्रांच्या नावाने बोटं मोडली. ‘असा कसा माणूस? खात्री न करता फोन करतो!’ सुचेता त्यांच्यापुढे बसून चहा पीत राहिली.

पण मंगळवारी अरविंद आले. रात्रभर प्रवास करून आलेला माणूस, माझ्या तोंडून निम्मंच ऐकलं आणि तसेच बाहेरच्या व्हरांड्यात गेले. वहिनी तुळशीला पाणी घालत होत्या. मी मागून धावले, पण उशीर झाला होता.

‘वहिनी, इतकी वर्षं झाली इथे! दाखिला म्हणजे प्रवेश, हे पोराटोरांना कळतं!’

वहिनींच्या हातातला तांब्या तसाच कलता राहिला. पाणी संपलं तरी कलताच. ‘काय म्हणालात, अरविंदराव?’

अरविंदनी पुन्हा सांगितलं, या वेळी हळू आवाजात. एव्हाना त्यांचं त्यांनाच वाईट वाटू लागलं होतं. वहिनींनी दोन्ही शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. एकदा हा, एकदा तो. मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर त्या बाहेर दिसेनाशा झाल्या. भाजीवाला दाराशी हाका मारून पुढे जायचा. वाचायला येणाऱ्या मुलांपैकी दोघं पुस्तक मागायला येऊन परत गेली. फोन वाजला की पूर्वी दुसऱ्या घंटेला उचलला जायचा, आता तो वाजत राहायचा. शेवटी मधुकरराव उचलायचे. ते घरी नसले तर घंटा थकून बंद पडायची. मी मधुकररावांना गाठलं, शुक्रवारचं सांगितलं. ते म्हणाले, ‘तिला सांगू नका. आधीच रात्र-रात्र जागते आहे. मी सुट्टी घेतो, दिवसभर फोनपाशी बसतो. झालं?’

शुक्रवारी सकाळी मधुकरराव फोनपाशी बसायच्या आधीच कारखान्याचा एक माणूस सायकल हाणत आला आणि त्यांना घाईघाईने घेऊन गेला. कुठलातरी ट्रान्सफॉर्मर बंद पडला होता. जाता जाता त्यांनी मला खूण केली, की कान ठेवा. मी भिंतीला खुर्ची लावून बसले. सुचेता बॅगेत कागद भरून तयार. अरविंद स्कूटर पुसत उभे. पलीकडे शांत होतं. इतकं शांत की वहिनींच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. कारखान्यात काही बिघडलं की आधी फोन यायचा, माणूस कधीच येत नसे. हे माझ्या डोक्यात यायला फार वेळ लागला.

सुचेताच्या डोक्यात ते आधी आलं. ती उठली, बॅग घेतली आणि ‘बाबा, चला’ म्हणाली. ते दोघे गेले आणि मी वहिनींचं दार ठोठावलं. कडी लावलेली नव्हती. वहिनी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. बाहेर स्टुलावर फोन होता. रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला, आणि वर घडी घातलेला टॉवेल, बाळाला पांघरूण घालतात तसा. टॉवेलाखालून बारीक एकसुरी आवाज येत होता.

मी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि उभी राहिले. फोन वाजला नाही.

सुचेता आणि अरविंद परतले तेव्हा कारखान्याचा दुपारचा भोंगा होऊन गेला होता. मला विचारावं लागलं नाही. अरविंद म्हणाले, ‘दोन्ही जागा निघाल्या. पहिलीला बोलावलं. मग सकाळपासून आपल्याला लावत होते. एंगेज येत होता. बाबू म्हणाला, घंटाभर कोशिश की. मग तिसरीला बोलावलं. ती शेजारच्या गल्लीतच राहते.’ एवढं बोलून ते आत गेले आणि पंख्याखाली पाठ करून बसले.

संध्याकाळी वहिनी आल्या. त्या दिवसांत पहिल्यांदाच. केस विंचरलेले, लुगडं नीट चापूनचोपून नेसलेलं. उंबऱ्याबाहेरच थांबल्या. त्यांना कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे. कदाचित मधुकररावांचा चेहरा पुरला असेल.

‘सुधा, मी आज फोन काढून ठेवला होता. म्हटलं, माझ्या कानांवर पुन्हा काही यायला नको. तुमचा येणार होता का गं कुणाचा?’

सुचेता माझ्या मागून पुढे आली. ‘नाही, काकू.’

‘कॉलेजातून?’

‘मी जाऊन विचारून आले ना. त्यांनी लावलाच नव्हता. जागाच निघाली नाही.’

वहिनींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. ‘सुधा, ही काय म्हणाली? लावला होता म्हणाली, की नव्हता? मला आता माझ्या कानांची खात्री राहिली नाही. तू सांग.’

‘नव्हता म्हणाली, वहिनी.’

‘नव्हता,’ त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या. आणि भिंतीला हात लावत लावत आपल्या दाराशी गेल्या.

सुचेताने दार लावलं. इतक्या शांतपणे खोटं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ती रडेल आणि मी तिला जवळ घेईन. ती रडली नाही. चित्रांचे कागद गोळा केले, गुंडाळी करून पलंगाखाली सारली, आणि म्हणाली, ‘खाना लगा दो, मम्मी.’

मला आधी कळलंच नाही की ती काय करते आहे. वाटलं, दिवसभर हिंदीत बोलून आली, तोंडाला बसलंय. दुसऱ्या दिवशीही तेच. आता पावसाळा सरून दसरा आला. वहिनी थोड्या सावरल्या आहेत. संध्याकाळी सुचेता त्यांच्याकडे जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, स्पष्ट, स्वच्छ मराठीत. भिंतीतून मला ऐकू येतं. घरी आली की चप्पल काढता काढता ती भाषा दाराबाहेर ठेवते. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, हसतमुखाने, अदबीने. अरविंद म्हणतात लक्ष देऊ नकोस, वय आहे. मी लक्ष देते. रागावली असती, भांडी आपटली असती, वहिनींना चार शब्द बोलली असती, तर मला एवढी भीती वाटली नसती.

काल तिला विचारलं, पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरायचे ना गं?

‘देखेंगे,’ ती म्हणाली.

‘बघू’ म्हणाली असती, तर त्या आवाजावरून मला कळलं असतं की हिच्या मनात काय आहे. हो की नाही, राग की थकवा, लहानपणापासून तिच्या ‘बघू’चे सगळे अर्थ मला ठाऊक आहेत. या दुसऱ्या शब्दाचा एकही ठाऊक नाही.